तिरपी मार, बाय

"ह्ये पानी कुठं जातंय, बाय?" बाबाने विचारलं आणि मी दचकले. प्रश्न काही भयंकर नव्हता. सकाळची वेळ, टेमघरमधल्या आमच्या टॉवरमागचा क्लब हाउसचा पूल, पाण्यात कुणी नाही, काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बाबा आणि शेजारी टॉवेल घेऊन मी. रोजचंच. पण अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबा अख्खं वाक्य बोललाच नव्हता. बोलता येत होतं, जीभ सुटलीय असं डॉक्टरही म्हणाले होते, पण बोलायचंच नाही असं त्याने ठरवून टाकलेलं. हो, न्हाय, ऱ्हाऊ दे. एवढ्यावर दिवस काढायचा. आणि आज अचानक हा प्रश्न, तोही माझा. हो, माझाच. मी लहान असताना कॉन्व्हेंटच्या पूलच्या काठावर उभी राहून अगदी याच शब्दांत विचारला होता आणि अख्खा वर्ग खिदळला होता. बाबाला ते माहीत असायचं कारण नाही, मी घरी कधी सांगितलं नव्हतं. खाडीकाठच्या माणसाला पाणी दिसलं की पहिली शंका हीच येते, एवढाच त्याचा अर्थ. पण मला भरून आलं, आणि भरून आलं की मी चिडते, तशी चिडले. "कुठं नाय जात," मी म्हटलं, "मशीनमधून फिरून परत इथंच येतं. उतरतोस का आता?" बाबाने निळ्या टाइल्सकडे बराच वेळ बघितलं. "मंग ह्ये पानीच न्हाय," तो म्हणाला.

आता हे डॉक्टरांना कुणी समजवायचं? त्यांनी स्वच्छ सांगितलंय, डावा हात आणि डावा पाय अजून थोडं ऐकतायत तोवर हलवून घ्या, पाण्यात हलवा, पाण्यात अंगाचं ओझं होत नाही. ही वेळ गेली की अंग धरून बसेल आणि मग खाट. खाट हा शब्द त्यांनी बाबाच्या तोंडावर वापरला. बाबाने मान हलवली, जशी तो दारात आलेल्या कुठल्याही लग्नपत्रिकेवर हलवतो. आई गेल्यावर तो खारबावला एकटाच राहायचा. आमच्या शेतांवर केव्हाच गोडाऊनं उभी राहिलीत, भाडं येतं, काही करायची गरज नाही, तरी हा पहाटे उठून खाडीच्या बांधावर जाऊन यायचा. कशाला, तर पाणी बघायला. झटका आला तोही तिथेच, बांधावर. मी त्याला उचलून टेमघरला आणलं आणि तेव्हापासून आमचा हा रोजचा तमाशा. नारपोलीत माझा सुताचा धंदा आहे. दिवसभर लूमवाल्यांशी, म्हणजे यंत्रमागवाल्यांशी, हिंदीत भांडते, 'भाईजान, कल बोला था तो कल मंगता है,' असं मी नुसतं म्हटलं तरी टेम्पो हलतात. आणि घरी एक म्हातारा माणूस माझ्याच्याने हलत नाही. आधी म्हणे थंडी वाजते. मग म्हणे चड्डी आवडली नाही. त्याने आयुष्यभर कमरेला रुमाल गुंडाळून खाडी मारली आणि इथे वॉचमन सांगतो, अंकल, कॉस्च्यूम मस्ट है. टोपीवरून तर महाभारत झालं. बाबाच्या डोक्यावर मोजून चार केस नाहीत, पण पूलमध्ये टोपी हवीच. मेघाली, आमची पूलवरची कोच, बिचारी कल्याणहून येते, गोड मुलगी, तिने स्वतःच्या हाताने ती रबरी टोपी बाबाला चढवली. तो आरशात बघून म्हणाला, "जल्लं, यो कोन?" आणि परत खुर्चीत जाऊन बसला. मला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही आलं. ज्या माणसाने मला पोहायला शिकवलं तो पाण्याला घाबरलाय, हे मला कुणासमोर कबूल करायचं नव्हतं.

ती रबरी टोपी मात्र मला ओळखीची होती. तिचा वास. ओल्या रबराचा, पावडरीचा, आणि त्याखाली ब्लीचिंगचा. आमची शाळा म्हणजे नन्सची शाळा, भिवंडीच्या बाहेरच्या अंगाला, मागे पेरूची बाग, चर्चची बुटकी घंटा आणि बागेच्या कडेला पूल. कुणा परदेशी पाहुण्याने शाळेला बांधून दिलेला म्हणे. विहिरीच्या पाण्यावर भरायचा. आमच्या गावातून त्या शाळेत जाणारी मी एकटी. बाबाच्या डोक्यात कुठून शिरलं देव जाणे, पण पोरगी इंग्लिश बोलली पाहिजे म्हणून तो ॲडमिशनला गेला, नवाकोरा पांढरा शर्ट घालून, आणि ऑफिसात चपला बाहेर काढून आत गेला. नन्स हसल्या नाहीत. हसल्या त्या मुली, आणि त्या पुढे वर्षभर हसत राहिल्या. पूलच्या पहिल्या दिवशी सगळ्या ओळीने थरथरत उभ्या, आणि मी एकटी वाकून पाण्यात बघतेय की हे जातंय कुठल्या बाजूला. खाडीत उतरायच्या आधी ते बघायचंच असतं. भरती आहे का सुकती, पाणी आत येतंय का बाहेर ओढतंय. इथे काहीच नाही. पाणी नुसतं बसलेलं. मला भीतीच वाटली. मी सिस्टरना विचारलं, आणि इंग्लिश येत नव्हतं म्हणून घरच्या भाषेत विचारलं, "ह्ये पानी कुठं जातंय?" हशा पिकला. सिस्टर अर्सुलांनी शिट्टी मारली. त्यांच्या गळ्यात क्रॉस आणि शिट्टी एकाच दोरीत असायची, कधी कधी घाईत क्रॉसच तोंडात जायचा. हशा थांबला तशा त्या माझ्याजवळ आल्या आणि मराठीत म्हणाल्या, "शनिवारी माळी सोडतो. पेरूंना जातं." एवढंच. माझा जीव भांड्यात पडला. पाणी कुठेतरी जातं म्हणजे ते पाणीच आहे. मी उतरले. ते पेरू पुढे आम्ही चोरून खाल्ले तेव्हा मी शपथेवर सांगायचे की त्यांना ब्लीचिंगची चव येते, आणि सगळ्या मुली मन लावून चव घ्यायच्या.

सिस्टर वसईच्या होत्या हे मला पुष्कळ उशिरा कळलं, पण त्यांच्या मराठीत काहीतरी आपलं आहे हे मला पहिल्या दिवसापासून जाणवत होतं. त्या स्वतः पाण्यात कधी उतरल्या नाहीत. पायघोळ पांढरा झगा, डोक्यावर फडकं, पायात रबरी सपाता, आणि हातात लांब बांबू. तो बांबू पुढे धरायच्या, त्याला धरायला म्हणून आपण हातपाय मारायचे, आणि हाताला लागणार एवढ्यात त्या तो थोडा मागे घ्यायच्या. मग अजून थोडा. फसवणूक नुसती! पण बुडायला आलेल्या मुलीच्या हातात तो बरोबर जायचा, त्यात त्यांची चूक कधी झाली नाही. माझ्यावर त्यांचा राग असायचा तो तेलावरून. आई माझ्या डोक्यावर पळीभर खोबरेल थापून दोन वेण्या घालायची, आणि मी उतरले की पूलवर तवंग पसरायचा. "विनिता, आउट!" की निघाले मी, नळाखाली शिकेकाई चोळायला. आईला सांगितलं तर ती म्हणाली, पान्यात तेल लावून न्हाय जायचं तर काय लावून जायचं? कॉस्च्यूम तिनेच शिवला होता, आपल्या जुन्या परकराचा, त्याला गुडघ्यापर्यंत झालर. पोरगी उघडी दिसता कामा नये म्हणून. भिजला की तो फुगा व्हायचा आणि मी पाण्यात उभ्याउभ्याच वर यायचे. आणि बाराची घंटा! दुपारी चर्चची घंटा झाली की जो जिथे असेल तिथे थांबायचा आणि प्रार्थना म्हणायची. वर्गात ठीक आहे. पण आमचा तास नेमका तेव्हाच असायचा. छातीभर पाण्यात आम्ही सगळ्या, आगऱ्यांच्या, मोमिनांच्या, मारवाड्यांच्या पोरी, हात जोडून, दात वाजवत 'हेल मेरी' म्हणतोय, ओठ निळे पडलेत, आणि काठावर सिस्टर डोळे मिटून उभ्या. प्रार्थनेचा अर्थ मला कळत नव्हता. पण पाणी तेवढ्यापुरतं इतकं शांत व्हायचं की सगळ्यांचे पाय दिसायचे, आणि ते मला फार आवडायचं. अजूनही सुताच्या गोडाऊनमध्ये शेजारच्या लूमचा खडखडाट कानात बसला की मी डोळे मिटून ते पाय आठवते.

तोंड पाण्यात घालून पोहणं मात्र मला त्यांनीच शिकवलं. तोवर मी डोकं वर काढून मारायचे, खाडीतलं पोहणं तसंच असतं. समोर बघावं लागतं, ओंडका येतो, जाळ्याचा खुंट येतो, कधी मेलेलं कुत्रं येतं. बाबाने मला शिकवलं ते सुट्टीत, होडीतून सरळ टाकून. आई बांधावरून शिव्या देतेय, आणि हा होडीत उभा राहून हसतोय. पण खरं शिकवणं त्यानंतर सुरू झालं. पलीकडच्या काठावर एक चिंचेचं झाड होतं. बाबा म्हणायचा, त्या चिंचेला लागायचंय ना, मंग चिंचेकडं बघायचं न्हाय. पाणी डावीकडे ओढत असेल तर उजवीकडच्या बांधाकडे तोंड करायचं आणि तिरपी मारायची. तू जातेस एकीकडे, पाणी नेतं दुसरीकडे, आणि दोघांचं मिळून होतं सरळ. जो चिंचेकडे बघून निघतो तो वाहत जाऊन लागतो थेट स्मशानाच्या धक्क्याला. मला हे पटायला एक अख्खी सुट्टी गेली. आणि एकदा पटल्यावर मी दुसरं काही करूच शकत नव्हते. बाबा होडीतून ओरडायचा, "तिरपी मार, बाय! तिरपी मार!" आणि मी त्याच्या आवाजावर अंग टाकायचे. तो सांगेल ती दिशा. पुढे काय आहे ते मला दिसत नसे, पण त्याला दिसतंय एवढं मला पुरत होतं. खरं सांगू, इतकं निश्चिंत मला त्यानंतर कधीच वाटलं नाही.

"ताई, काका उतरतायत," मेघाली म्हणाली, आणि मी भानावर आले. बाबा खुर्चीतून उठून शिडीपाशी गेला होता. कुणी सांगितलं नाही, कुणी हात धरला नाही. पाणीच न्हाय म्हणाला आणि कदाचित त्यामुळेच त्याची भीड चेपली असेल. मी कपड्यांनिशीच पुढे धावले, मग आठवलं की आतून कॉस्च्यूम घातलाय, कुर्ता काढून फेकला आणि त्याच्या आधी पाण्यात उतरले. उथळ बाजू होती, बाबाच्या छातीपर्यंत पाणी. त्याने उजव्या हाताने काठाचा स्टीलचा पाइप घट्ट धरला. डावा हात पाण्यात आपोआप वर तरंगला आणि बाबा त्याच्याकडे असा बघायला लागला की मला बघवेना. मेघालीने त्याच्या पोटाखाली हात घातला. म्हणाली, काका, पलीकडचा काठ बघा, ताई तिथं उभ्या राहतायत, रुंदी छोटी आहे, मी बरोबर आहे, सोडा हात. मी पलीकडे जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिले. बाबाने माझ्याकडे बघितलं. सोडला हात. उजवा हात मारला, परत मारला, आणि सबंध अंग डावीकडे वळत गेलं. माझ्याकडे निघालेला माणूस वळून पुन्हा त्याच काठाला, दोन पावलं पलीकडे, जाऊन आदळला. नाकात पाणी गेलं. मेघालीने सावरलं. बाबाने पाइप धरला तो असा की आता कुणाचा बाप आला तरी सुटणार नाही. आणि त्याचा चेहरा मी ओळखला. तो चेहरा मी एकदाच पाहिला होता, शाळेच्या स्पोर्ट्स डेला.

स्पोर्ट्स डे म्हणजे आमच्या शाळेत दिवाळीपेक्षा मोठा. चार हाउस, रेड, ब्लू, ग्रीन, यलो. आदल्या दिवशी वर्गातले खडू भिजवून कॅनव्हासचे बूट पांढरे करायचे, फक्की टाकून आखलेल्या ट्रॅकवरून मार्च पास्ट करायचा, लिंबू-चमच्यात कुणीतरी लिंबू अंगठ्याने दाबून धरायचं आणि फादर ते दिसलं नाही असं दाखवायचे. मी ग्रीन हाउसची. पळण्यात मी कुठेच नव्हते, पोत्याच्या शर्यतीत दोनदा तोंडावर आपटले होते. पण पोहण्यात मी सगळ्यांच्या पुढे होते, हे तोवर अख्ख्या शाळेला ठाऊक झालं होतं. हसणाऱ्या मुली आता माझ्या हाउसमध्ये यायला बघायच्या. त्या वर्षी मी बाबाला म्हटलं, तू ये. तो आला. तोच पांढरा शर्ट. पालकांच्या बाकांवर डॉक्टर, वकील, लूमचे शेट बसले होते, आणि कडेला पाय जवळ घेऊन माझा बाबा. दुपारचा वारा सुटला होता, पेरूची पानं पूलमध्ये पडत होती. मी कट्ट्यावर उभी राहिले आणि एकदाच त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो पाण्याकडे बघत होता. वाऱ्याने बारीक लाटा उठल्या होत्या आणि पेरूची पानं उजवीकडून डावीकडे चालली होती. बाबा आयुष्यात न वाहणाऱ्या पाण्यात कधी पोहलाच नव्हता.

शिट्टी झाली. मी उडी मारली, तोंड पाण्यात घातलं, सिस्टरनी शिकवलं तसं, आणि पहिल्या चार हातांतच मला कळलं की मी पुढे आहे. कानांत पाण्याचा तो गप्प आवाज. आणि त्या गप्प आवाजातून, कसा कुणास ठाऊक, मला तो आवाज ऐकू आला. "तिरपी मार, बाय! उजवीकडं! तिरपी मार!" मी डोकं वर काढलं. मी विचार केला नाही. हा पूल आहे, इथे दोऱ्या आहेत, इथे पाणी शनिवारशिवाय कुठे जात नाही, हे सगळं मला माहीत होतं. पण अंगाला माहीत नव्हतं. अंगाने आवाज ऐकला आणि ते वळलं. दोरीखालून मी शेजारच्या लेनमध्ये गेले, तिथून पुढच्या, आणि रेड हाउसच्या रीमाच्या बरगडीत माझं डोकं गेलं. ती किंचाळली. शिट्ट्या. मी तशीच तिरपी जात राहिले आणि काठाला लागले तेव्हा मी पहिली होते, फक्त कोपऱ्यात, जिथे पंच नव्हते तिथे. आधी कुणालाच काही कळेना, मग लूमचे शेट हसायला लागले, मग सगळेच. काठावर काढलेल्या रीमाला एका हाताने धरून सिस्टर अर्सुलांनी दुसरा हात वर केला, ग्रीन हाउस बाद. नियम म्हणजे नियम. मी बाकांकडे बघितलं. बाबा उभाच होता, हात अजून उजवीकडे केलेला, आणि तो हात हळूहळू खाली येत होता. तोच चेहरा. कपडे बदलायच्या खोलीत सिस्टर माझ्यामागे आल्या, टॉवेलने माझं डोकं खसाखसा पुसलं आणि म्हणाल्या, "तुझ्या बापाचं बरोबर होतं. पाणी चुकीचं होतं." मला रडू कोसळलं. त्यांनी खिशातून पेरू काढून दिला. बाहेर येऊन मी बाबाला सगळं जसंच्या तसं सांगितलं, सिस्टर काय म्हणाल्या तेसुद्धा. मला वाटलं, तो हसेल. त्याने पेरू अर्धा करून मला दिला, अर्धा हातात धरून ठेवला, आणि एसटी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

त्यानंतर त्याने मला कधीच काही सांगितलं नाही. म्हणजे जेव म्हणाला, झोप म्हणाला, रिक्षा बघून बस म्हणाला. पण कुठे जायचं ते कधी सांगितलं नाही. दहावीनंतर मी विचारलं, सायन्स घेऊ की कॉमर्स? "तुना कळतं." लग्न ठरताना विचारलं, अनंता कसा वाटतो? "तुना कळतं." अनंता बरा निघाला हे नशीब माझं. धंदा सुरू करताना विचारलं, आई गेल्यावर विचारलं, घर घेताना विचारलं. तुना कळतं, तुना कळतं. लोकांना वाटायचं, किती मोकळ्या मनाचा बाप. आणि मला त्या शब्दांचा एवढा संताप यायचा की काय सांगू! मला काय कळतं? मी डोकं पाण्यात घालून मारत सुटलेली, मला पुढचं काय दिसतंय? होडीत उभं राहून बघणारा तू, आणि तूच तोंड शिवून बसलास. सिस्टर अर्सुला मी कॉलेजात असताना वसईला परत गेल्या, त्यांना भेटायला गेले तेव्हा मी त्यांच्यापाशी हे बोलले होते. त्या हसल्या. म्हणाल्या, "बांबू मागे घेतोय तो. पण बुडायला लागलीस तर देईल हातात."

पाइप धरून बसलेल्या त्या माणसाकडे बघताना मला हे आठवलं आणि माझं डोकं फिरलं. मला वाटलं, बुडतोय तर आता हाच, आणि माझ्या हातात बांबू नाही. रागावले की माझ्या तोंडून कॉन्व्हेंट जातं आणि घरची बोली येते. "काय बघतंस मना?" मी पलीकडच्या भिंतीपासून ओरडले. "खाटेवर परायचंय का तुना? एकदा वळलास तं काय झालं? मी न्हाय वळले? सगल्या शालेच्या म्होरं वळले! तू ओरडलास आनि मी वळले, आनि मना त्याचं कधी काय वाटलं न्हाय, बाबा. तूच गप झालास ते वाटलं. आता बोल काहीतरी! सांग ना, कसं यायचं ते तूच सांग!" क्लब हाउसच्या जिन्यावर दोन बायका थांबल्या. मेघाली बिचारी पाण्यात बाबाला धरून उभी. बाबा पाण्याकडे बघायला लागला. मग स्वतःच्या डाव्या हाताकडे. मग परत पाण्याकडे, बांधावर उभा राहून बघायचा तसं, डोळे बारीक करून, मान थोडी वाकडी. मग तो मेघालीला, मला नाही, मेघालीला म्हणाला, "पान्याला ओढ न्हाय, पोरी. ओढ माज्यात हाय. डावीकडं."

मेघालीला काही कळलं नसावं. ती म्हणाली, "हो काका, आपण परत प्रयत्न करू, सरळ ताईंकडे बघा." बाबाने माझ्याकडे बघितलंच नाही. त्याने तोंड फिरवलं उजव्या कोपऱ्याकडे, जिथे शॉवर आहे, माझ्यापासून चांगलं लांब, आणि पाइप सोडला. "काका, सरळ! तिकडे नाही, सरळ!" मेघाली त्याच्या मागे. बाबाचं डोकं वर, रबरी टोपी चमकतेय, उजवा हात पडतोय, उचलतोय, पडतोय. तो निघाला होता शॉवरकडे. मला वाटलं, हा तिकडे जाऊन आपटणार, कुणी नाही तिथे धरायला. मी भिंत सोडून उजवीकडे सरकले.

"हलू नको, बाय!"

होडीतून यायचा तोच आवाज. थोडा बोबडा, पण तोच. "तितंच ऱ्हा! मी येतू!" मी जागच्या जागी थांबले. माझं अंग थांबलं, मला न विचारता. परत भिंतीला पाठ टेकली. बाबा शॉवरकडे तोंड करून मारत होता आणि त्याचं अंग त्याला डावीकडे ओढत होतं, हात नेतोय एकीकडे, अंग नेतंय दुसरीकडे, आणि तो येत होता माझ्याकडे. सरळ. एकदा तोंडात पाणी गेलं, थुंकला, एक शिवी दिली, अगदी खाडीतली, जिन्यावरच्या बायकांनी ऐकली असेल, ऐकू देत. मी हात पुढे केले नाहीत. त्याने हलू नको म्हटलं होतं. मग त्याची बोटं माझ्या खांद्यावर आली आणि खांद्यात रुतली. धापा टाकत होता. मेघाली मागून टाळ्या वाजवत होती. मी त्याला दोन्ही हातांनी धरलं आणि रडायला लागले, लहान पोर रडतं तशी, नाक वाहेपर्यंत. श्वास खाली बसल्यावर बाबाने एकदा मागे वळून आपण सोडलेला काठ बघितला, एकदा मी उभी होते ती भिंत बघितली.

"आज न्हाय चुकलू," तो म्हणाला.

मला वाटत होतं, स्पोर्ट्स डे तो केव्हाच विसरला. मी ओल्या हाताने नाक पुसलं आणि म्हटलं, "मंग आता मना सांग. पलीकडं जाऊन तुजा टॉवेल आणायचाय. कशी मारू?" बाबाने समोरच्या काठाकडे बघितलं. घाई केली नाही. पाणी बघितलं, मला आपादमस्तक बघितलं, कुठे काही ओढतंय का ते.

"तुना कसली ओढ हाय? तू सरळ जा," तो म्हणाला. आणि मी भिंतीला पाय लावून निघाले, तोंड पाण्यात घालून, सरळ.